शेतातला निसणा आणि टेलेमार्कचा डोंगर

इंग्लंडच्या पूर्व भागात, लिंकनशर किंवा नॉरफोकसारख्या परगण्यांत, शरदातली नांगरट झाली आणि तिच्यावर दोन-चार सरी पडून गेल्या की शेतातून चालत जुन्या वस्तू शोधण्याचा खरा हंगाम सुरू होतो. ढेकळे विरतात, माती खाली बसते आणि तिच्यातल्या कठीण वस्तू धुऊन वर दिसू लागतात. मध्ययुगीन मडक्यांच्या खापऱ्या, मातीच्या चिलमींच्या दांड्या, चकमकीच्या दगडाचे कपचे हे सगळे नेहमीचेच. पण अधूनमधून एखादा दगड असा सापडतो की तो त्या मातीतला नाही हे बघताक्षणी कळते. बोटाएवढा लांब, चौकोनी छेदाचा, राखाडी, उन्हात फिरवला की अभ्रकाची बारीक चमक देणारा. त्या भागात खाली चॉकचा पांढरा खडक, वर चिकणमाती. अभ्रकाचा सुभाजा (शिस्ट) खडक शेकडो किलोमीटरमध्ये कुठेही नाही. म्हणजे तो दगड कुणीतरी तिथे आणलेला आहे.

हा निसणा. सुरी, विळा, कात्री पाजवण्याचा दगड. त्याचे वय साधारण आठशे ते हजार वर्षे, आणि त्याचे गाव उत्तर समुद्राच्या पलीकडे, नॉर्वेच्या डोंगरात.

असा दगड नीट पाहिला तर त्याच्या अंगावर बरेच काही वाचता येते. चारही बाजू गुळगुळीत असतात, पण सपाट नसतात; मध्यभागी किंचित खोलगट झालेल्या असतात. पाते ओढताना हाताचा जोर मधोमध पडतो, म्हणून दगड तिथेच झिजतो आणि त्याची कंबर बारीक होत जाते. शेवटी एके दिवशी तो कंबरेतच मोडतो. शेतात मिळणारे बहुतेक निसणे असे अर्धेच असतात. एका टोकाला भोक असेल तर ते दोन्ही बाजूंनी कोरत आणून मध्ये मिळवलेले दिसते. तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद. या भोकातून दोरी किंवा चामड्याची वादी ओवून निसणा कमरपट्ट्याला लटकवत. भोकाशी दगड कमजोर होतो आणि तिथेही मोडतो. तेव्हा काही मालकांनी उरलेल्या तुकड्याला नवे भोक पाडायला घेतलेले दिसते. एखाद्या बाजूवर दोऱ्याएवढ्या बारीक, सरळ चरी असतात. तिथे सुया, आऱ्या किंवा मासे धरायचे गळ घासले गेले. एकाच दगडावर घरातले सगळे धारदार सामान पाजवले जात असे आणि तो अगदी संपेपर्यंत वापरला जात असे.

असे दगड सापडणे जसे सहज, तसे ते हातचे जाणेही सहज. इंग्लंडमध्ये हजारो हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन शेते पालथी घालतात, पण दगडाला ते यंत्र कधीच वाजत नाही. निसणा डोळ्यांनीच टिपावा लागतो, आणि तोही तो ओळखता येणाऱ्या डोळ्यांनी. कायद्याचेही त्याला संरक्षण नाही. १९९६ चा ट्रेझर कायदा प्रामुख्याने सोन्याचांदीच्या जुन्या वस्तूंचा आणि एकत्र सापडणाऱ्या ठेव्यांचा विचार करतो. सुटा दगड त्यात बसत नाही. अशा वस्तूंसाठीच १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना सुरू झाली. २००३ पर्यंत ती सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये पोचली. शेतकरी किंवा फिरस्ता आपल्याला मिळालेली वस्तू स्वखुशीने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे नेतो, अधिकारी तिचे वजन, मापे, छायाचित्र आणि नेमके सापडण्याचे ठिकाण नोंदवतो आणि वस्तू परत देतो. अशा नोंदवलेल्या वस्तूंची संख्या आता पंधरा लाखांच्या वर गेली आहे. नाणी, बकले, टाचण्यांच्या त्या गर्दीत निसणे थोडेच आहेत. तरी त्यांच्या नोंदींचे मोल फार मोठे आहे. शहरांच्या उत्खननातून शहरी लोक काय वापरत हे कळते. खेड्यातल्या कुळाच्या हातात काय होते हे सांगायला शेतातला दगडच लागतो.

तो शेतात पोचला कसा, याची दोन उत्तरे आहेत. एक सरळ आहे: कापणीच्या वेळी कुणाच्या तरी कमरेची वादी तुटली आणि निसणा धसकटांत हरवला. दुसरे उत्तर खताचे. मध्ययुगीन गावात घरातला केर, चुलीची राख, फुटकी भांडी सगळे गोठ्यातल्या शेणाच्या ढिगात पडे, आणि तो ढीग गाडीने शेतात पसरला जाई. त्यामुळे एखाद्या मध्ययुगीन शेताच्या पृष्ठभागावर विखुरलेल्या खापऱ्या म्हणजे एका अर्थी गावाच्या उकिरड्याचा पसरट नकाशाच असतो. मोडका निसणा याच वाटेने रानात जात असणार.

आता प्रश्न असा की एवढ्या साध्या गोष्टीसाठी समुद्रापलीकडे जायचे कारण काय. त्याचे उत्तर सुरीच्या पात्यात आहे. मध्ययुगीन युरोपात लहानथोर सगळ्यांच्या कमरेला सुरी असे. तीच जेवताना, तीच चामडे कापायला, तीच काठी तासायला. जेवणाच्या ताटाशी काटा अजून आला नव्हता. पण चांगले पोलाद महाग होते. म्हणून लोहार सगळे पाते पोलादाचे करत नसे. पाठ मऊ लोखंडाची ठेवून धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडत असे. प्रत्येक वेळी धार लावताना या पट्टीतले थोडेसे पोलाद झिजून जाते. ती संपली की सुरी संपली. उरते ते मऊ लोखंड, आणि त्याला धार टिकत नाही. यॉर्क शहरातल्या कॉपरगेटच्या उत्खननात शेकडो सुऱ्या मिळाल्या. त्यांतल्या अनेकांची पाती पुन्हा पुन्हा पाजवून इतकी झिजली आहेत की धारेची रेषा सरळ न राहता वळण घेते. अशा पात्याला खडबडीत दगड लावला तर तो गरजेपेक्षा जास्त पोलाद खातो, शिवाय धारेला दाते पाडतो. बारीक आणि एकसारख्या कणाचा दगड कमी पोलादात जास्त धार देतो. चांगला निसणा म्हणजे सुरीचे वाढवलेले आयुष्य. हा हिशेब शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळत होता.

इंग्लंडमध्ये दगडांचा तुटवडा नव्हता. वालुकाश्माचे निसणे ठिकठिकाणी होत, आणि रोमन काळातही तिथे वालुकाश्माच्या निसण्यांचा मोठा धंदा चाले. पण वालुकाश्म बहुधा खरबरीत, त्यातले कण लहानमोठे. आणि पूर्वेकडच्या चॉकच्या पट्ट्यात तर खालचा खडक नखानेही ओरखडता येतो. तिथल्या माणसाला धारेचा दगड बाहेरूनच आणणे भाग होते.

नॉर्वेच्या दक्षिण भागात टेलेमार्क नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यातल्या आइड्सबोर्ग या खेड्याच्या उतारावर राखाडी सुभाज्याचे पट्टे आहेत. हा खडक क्वार्ट्झचे अतिशय बारीक कण आणि अभ्रकाचे पापुद्रे यांचा बनलेला आहे. क्वार्ट्झ लोखंडापेक्षा आणि बहुतेक पोलादापेक्षा कठीण, त्यामुळे तो धातू कापतो. अभ्रक मऊ, त्यामुळे घासताना तो झिजतो, बोथट झालेले क्वार्ट्झचे कण गळून पडतात आणि खालचे ताजे कण वर येतात. दगड स्वतःच स्वतःला धार लावत राहतो, असे म्हणता येईल. त्यातच अभ्रकाचे सगळे पापुद्रे एका दिशेने बसलेले असल्याने हा खडक त्या दिशेने सरळ फुटतो. पाचर बसवून घण घातला की फळ्या सुटतात, फळ्यांच्या कांड्या होतात आणि कांडी जवळजवळ तयार निसणाच असते. कारागिराला फारसे घडवावे लागतच नाही.

खाणी आसपासच्या शेतकऱ्यांच्या ताब्यात होत्या. दगड काढणे हा शेतीबरोबरचा जोडधंदा होता. फोडलेल्या कांड्या डोंगर उतरून बंडाक या लांबट तळ्याकाठी आणायच्या, आणि तिथून एकामागून एक तळी व नद्या ओलांडत समुद्राजवळच्या शीएनला पोचवायच्या. ही वाट सुमारे १०५ किलोमीटरची आहे आणि मध्ये धबधबे आहेत. तिथे माल उतरवून पुन्हा चढवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. शीएन हे गाव हजार वर्षांपूर्वी बाजारपेठ म्हणून वाढले, त्यात या दगडाच्या व्यापाराचा मोठा वाटा असावा असे तिथल्या उत्खननांवरून मानले जाते. आजही आइड्सबोर्गमध्ये तेराव्या शतकातले लाकडी खांबांचे चर्च उभे आहे. ते सेंट निकोलसच्या नावाचे आहे, आणि सेंट निकोलस हा खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा संत. डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या चर्चला हा संत लाभावा यात फार आश्चर्य नाही. त्यांचा माल समुद्रावरून जात होता.

इंग्लंडच्या शेतातला दगड आइड्सबोर्गचाच, हे मात्र नुसते पाहून सांगता येत नाही. निसण्याचा आकार शेकडो वर्षे बदलला नाही, त्यामुळे आकारावरून काळही नीट कळत नाही. इथे भूशास्त्रज्ञ कामाला आले. १९६९ मध्ये एलिस या संशोधकाने इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन आणि मध्ययुगीन निसण्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांचे खडकानुसार गट पाडले. १९८० च्या दशकात पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने खडकांचे वय मोजले गेले, आणि तेव्हा फार सुंदर गोष्ट समोर आली. फिकट राखाडी निसण्यांच्या खडकाचे वय ९० कोटी वर्षांच्या आसपास निघाले आणि ते आइड्सबोर्गच्या खडकाशी जुळले. गडद, जांभळट झाक असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या निसण्यांचे वय याच्या निम्म्याहूनही कमी, ४० कोटींच्या थोडे वर. म्हणजे हे दोन दगड वेगवेगळ्या डोंगरांतले. पहिल्याचे गाव कळले होते. दुसऱ्याचे गाव सापडायला आणखी तीसेक वर्षे जावी लागली.

त्या दुसऱ्या गावाकडे वळण्याआधी एका जहाजाची गोष्ट सांगायला हवी, कारण ते जहाजही शेतातच सापडले. नॉर्वेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, लार्विकच्या परिसरात क्लोस्टाड नावाचे शेत आहे. १८९३ मध्ये तिथे जमिनीत जहाजाची लाकडे लागली; व्यवस्थित उत्खनन व्हायला १९७० साल उजाडले. हे सुमारे २१ मीटर लांबीचे मालवाहू जहाज दहाव्या शतकाच्या अखेरचे. त्याच्या पोटात आइड्सबोर्गच्या दगडाच्या न घडवलेल्या कांड्या होत्या. जहाज शेतात कसे, तर हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून स्कँडिनेव्हियाची जमीन सावकाश वर उचलली जात आहे. हजार वर्षांपूर्वी जिथे खाडीचा उथळ भाग होता तिथे आता पीक उभे राहते. जहाज ज्या खाडीत बुडाले तिच्या जवळच कौपांग हे वायकिंगांचे व्यापारी गाव होते. आज त्या जहाजाचे अवशेष टॉन्सबर्गच्या संग्रहालयात मांडले आहेत. वायकिंगांची जहाजे म्हटली की डोळ्यांपुढे कोरलेल्या नाळीची, राजाराणीच्या दफनातली जहाजे येतात. क्लोस्टाडचे जहाज तसे नाही. ते दगड वाहून नेत होते, आणि उत्तर समुद्राचा रोजचा व्यवहार अशाच जहाजांवर चालत होता.

या व्यवहाराची सुरुवात कधी झाली, यावर २०१८ मध्ये इरेने बौग, डागफिन स्क्रे, टॉम हेल्डाल आणि ऑयस्टाइन यान्सेन या नॉर्वेच्या चार संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर रीबे नावाचे गाव आठव्या शतकाच्या आरंभी बाजार म्हणून वसले. तिथल्या अगदी सुरुवातीच्या थरांतले निसणे त्यांनी तपासले. त्यांतले बरेचसे गडद, जांभळट प्रकारचे होते, आणि त्यांचा खडक जुळला तो ट्रॉन्डहाइमजवळच्या मोस्टाडमार्का इथल्या खाणींशी. दुसऱ्या दगडाचे गाव ते हे. मोस्टाडमार्काहून रीबेपर्यंतची समुद्रवाट हजार किलोमीटरच्या वर आहे.

इतिहासाची पाठ्यपुस्तके वायकिंग युगाची सुरुवात ७९३ सालाशी जोडतात. त्या वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठावर नॉर्समनांनी हल्ला करून भिक्षूंची कत्तल केली. पण रीबेचे निसणे त्याच्या कितीतरी दशके आधीचे. लुटीची जहाजे येण्यापूर्वीच दगडाची जहाजे त्या समुद्राला सरावली होती. वारे, प्रवाह, मुक्कामाच्या खाड्या, वाटेतले सरदार आणि त्यांची मैत्री किंवा धमकी हे सगळे ज्ञान व्यापाराने आधी जमवले. लुटारूंनी ते नंतर वापरले. हा मुद्दा या संशोधकांनी साक्षीपुराव्यानिशी मांडला आहे आणि तो पटण्यासारखा आहे. तलवारींवर लिहिलेले ग्रंथ ढिगाने आहेत. ती तलवार ज्या दगडावर पाजवली त्याच्याकडे एवढ्या उशिरा लक्ष जावे ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

अकराव्या शतकापासून पुढची तीन-चारशे वर्षे आइड्सबोर्गचा दगड उत्तर युरोपच्या बाजारात पसरलेला दिसतो. डेन्मार्क, उत्तर जर्मनी, पोलंडचा बाल्टिक किनारा, आणि इंग्लंडात यॉर्क, लिंकन, नॉरिच, लंडन, विंचेस्टर. आइसलँडमध्ये तर सगळा खडक ज्वालामुखीचा. निसण्याला लायक दगड तिथे मिळणे कठीण, त्यामुळे तिथल्या गवत कापणाऱ्या शेतकऱ्याची भिस्तही नॉर्वेवरच होती.

पण शहरांपेक्षा एक खेडे जास्त बोलके आहे. यॉर्कशरच्या चॉकच्या टेकड्यांत व्हॅरम पर्सी नावाचे ओसाड गाव आहे. मध्ययुगाच्या शेवटी, साधारण १५०० च्या सुमारास ते उठले आणि गवताखाली घरांच्या जोत्यांच्या खुणा राहिल्या. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे उन्हाळ्यामागून उन्हाळे तिथे उत्खनन केले. मध्ययुगीन शेतकऱ्याचे घर, त्याचे आजार, त्याची जनावरे यांविषयी आज जे सांगता येते त्यातला मोठा भाग या गावाने दिला. तिथल्या घरांत निसणे मिळाले, आणि त्यांत पेनाइन डोंगरांतल्या वालुकाश्मांबरोबर नॉर्वेचा सुभाजाही आहे. जमीनदाराच्या वाड्यापुरता नाही, कुळांच्या घरांतही. या कुळाला जमीन सोडून जायची मुभा नव्हती, जमीनदाराच्या परवानगीशिवाय मुलीचे लग्नही करता येत नव्हते. तो कदाचित जवळच्या बाजाराच्या गावापलीकडे कधी गेलाच नसेल. पण त्याच्या कमरेला समुद्रापलीकडच्या डोंगराचा तुकडा लटकत होता. बंदरातून शहराच्या बाजारात, तिथून जत्रेत, जत्रेतून फेरीवाल्याच्या पोतडीत, असे हातोहात तो त्याच्यापर्यंत आला असणार. मध्ययुगीन खेडे म्हणजे स्वतःपुरते जगणारे, जगाला पाठमोरे गाव ही समजूत या बोटभर दगडापुढे टिकत नाही.

निसणा इतका जवळचा की तो देवांच्या कथांतही शिरला. आइसलँडचा स्नोरी स्तुर्लुसन याने १२२० च्या सुमारास नॉर्स पुराणकथा गद्यात लिहून ठेवल्या. त्यातली एक अशी. ओडिन देव वेष पालटून फिरत असताना नऊ गडी गवत कापताना त्याला दिसतात. त्यांची विळीपाती बोथट झालेली. ओडिन कमरेचा निसणा काढून ती पाजवून देतो, आणि पाती अशी चालू लागतात की सगळे तो दगड विकत मागतात. ओडिन तो हवेत भिरकावतो. नऊही जण झेलायला धावतात, त्या गडबडीत एकमेकांच्या पात्यांनी एकमेकांचे गळे चिरतात आणि सगळे मरतात. मग ओडिन त्यांच्या मालकाकडे जाऊन सांगतो, नऊ माणसांचे काम मी एकटा करीन. त्याचे मोल म्हणून त्याला हवा असतो काव्याच्या मद्याचा एक घोट. कापणीच्या ऐन दिवसांत गडी गमावलेल्या शेतकऱ्याची अडचण कथाकाराला चांगली ठाऊक आहे. आणि चांगल्या निसण्यासाठी माणसे काय करतील हेही.

दुसरी कथा थॉर देवाची. ह्रुंगनिर या राक्षसाचे शस्त्रच निसणा. थॉरने हातोडा फेकला, राक्षसाने निसणा. दोन्ही हवेत आदळून निसणा फुटला. त्याचा एक भाग जमिनीवर पडला आणि जगातले निसण्याचे सगळे डोंगर त्यातून झाले. दुसरा भाग थॉरच्या कपाळात रुतला. तो काढण्यासाठी ग्रोआ नावाची मंत्रज्ञ बाई मंत्र म्हणू लागली, दगड सैल झाला. थॉरला बरे वाटले म्हणून त्याने आनंदाच्या भरात तिला सांगितले की तुझा हरवलेला नवरा लवकरच घरी येणार आहे. ते ऐकून ती मंत्रच विसरली आणि दगड तसाच राहिला. म्हणून, स्नोरी सांगतो, निसणा जमिनीवरून आडवा भिरकावू नये. तसे केले की थॉरच्या डोक्यातला दगड हलतो. घरात पोरांनी धारेचे सामान फेकू नये यासाठी याहून प्रभावी गोष्ट कुणी रचली नसेल.

निसण्याला राजदंडाचाही मान मिळाला होता. १९३९ मध्ये सफकमधल्या सटन हू इथे सातव्या शतकातले जहाज-दफन उघडले गेले. सोन्याची बकले, शिरस्त्राण, चांदीची भांडी यांच्यासोबत तिथे चौकोनी छेदाचा एक लांब, जड दगड होता. दोन्ही टोकांकडे निमुळता, टोकांना गोल बोंड, बोंडाखाली चारही बाजूंवर कोरलेले मानवी चेहरे, आणि वर एका कडीवर उभे कांशाचे शिंगाळे हरीण. आकार निसण्याचा, पण त्यावर कधी एक पातेही घासलेले नाही. शस्त्रांना धार देण्याची सत्ता ज्याच्या हाती तो राजा, अशी त्यामागची कल्पना असावी असे अभ्यासकांना वाटते. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

लंडनकरांनी याच दगडाला फार वेगळे काम दिले. मध्ययुगीन लंडनमध्ये खोटे बोलून लोकांत गोंधळ माजवणाऱ्याला खोड्यात उभे करताना त्याच्या गळ्यात निसणा अडकवत. १३६४ मध्ये जॉन डी हॅकफर्ड नावाच्या इसमाने अफवा उठवली की शहरातल्या प्रमुख लोकांना मारण्यासाठी दहा हजार माणसांचा कट शिजला आहे. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात एक वर्ष आणि एक दिवस ठेवण्याची शिक्षा झाली. शिवाय त्या वर्षात दर तिमाहीला एकदा त्याला डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही, पायात काही नाही अशा अवस्थेत बाहेर काढायचे. गळ्यात साखळीने निसणा, तो छातीवर लोंबता, त्यावर तो खोटारडा असल्याचे लिहिलेले. आणि पुढे तुताऱ्या वाजवत त्याला खोड्यापर्यंत न्यायचे. लबाडाला निसणाच का, याचा धागा बायबलच्या स्तोत्रसंहितेत लागतो. तिथल्या एका स्तोत्रात दुष्ट लोक आपल्या जिभा तलवारीसारख्या पाजवतात असे म्हटले आहे.

याच स्तोत्राचे एक चित्र तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नवव्या शतकात, ८२० ते ८३० च्या सुमारास, फ्रान्समध्ये रेम्सच्या परिसरात तयार झालेल्या उट्रेख्ट स्तोत्रसंहितेत चित्रकाराने दोन पक्ष समोरासमोर दाखवले आहेत. दुष्टांच्या बाजूला एकजण जुन्या रीतीने दगडावर तलवार घासतो आहे. सज्जनांच्या बाजूला मूठ लावलेले गोल चाक आहे; एकजण ते फिरवतो आणि दुसरा त्यावर पाते धरतो. शिकलगाराचे चाक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते लगेच ओळखू येईल. फिरत्या धारचाकाचे युरोपातले हे सर्वांत जुने ज्ञात चित्र. लिन व्हाइट या इतिहासकाराने त्यावरून म्हटले की नवे यंत्र सज्जनांच्या हाती देणाऱ्या त्या चित्रकाराच्या मनात तंत्रज्ञानाविषयी आदर होता. ते बरोबर असेलही. पण चाक लोहाराच्या आणि गढीच्या अंगणात राहिले. रानात, बोटीवर, स्वयंपाकघरात हातातला निसणाच चालला.

अलीकडे या लहान, भोक पाडलेल्या दगडांविषयी एक मोठी शंका पुढे आली आहे. चेक पुरातत्त्वज्ञ मार्टिन येझेक यांनी स्वीडनमधल्या तुना इन आल्सिके इथल्या दफनांतले असे दगड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांच्या पृष्ठभागावर त्यांना लोखंडाऐवजी मौल्यवान आणि इतर रंगीत धातूंचे सूक्ष्म ओरखडे मिळाले. म्हणजे हे दगड धारेचे नसून कसोटीचे होते. सोनार कसोटीवर दागिना ओढून कस पाहतो, तसे नॉर्स व्यापारी तराजूशेजारी हा दगड ठेवून चांदीचा तुकडा खरा की भेसळीचा हे पाहत असणार. वायकिंगांचा व्यवहार नाण्यांपेक्षा तोलाच्या चांदीवर चाले, त्यामुळे त्यांना कसोटीची गरज मोठी होती. येझेक यांचे म्हणणे असे की थडग्यातला प्रत्येक छोटा सुबक दगड निसणा म्हणून नोंदवण्याची सवय सोडायला हवी. ते दफनांविषयी बोलतात. कंबरेत झिजून मोडलेला शेतातला दगड बहुतेक वेळा निसणाच असतो. तरी झीज नसलेला, बारीक, काळसर दगड हाती आला तर तो धुण्याची घाई कुणी करू नये. त्यावरच्या चांदीच्या रेघेएवढा अस्सल पुरावा दुसरा मिळणार नाही.

आइड्सबोर्गचे काम मध्ययुगासोबत संपले नाही. खेड्यातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या निसणे काढत राहिले. १८९२ मध्ये टेलेमार्क कालवा पुरा झाला, धबधब्यांना बगल देणारे दरवाजे बसले आणि बंडाक तळ्याच्या टोकापासून समुद्रापर्यंत आगबोट थेट जाऊ लागली. हजार वर्षांत प्रथमच दगड वाटेत न उतरवता शीएनला पोचू शकत होता. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन याला विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले होते. कार्बोरंडम या नावाने ते बाजारात आले. त्याचे कण हवे तेवढे बारीक किंवा जाड करता येत, हव्या त्या आकाराच्या कांड्या पाडता येत, आणि ते क्वार्ट्झपेक्षा कितीतरी कठीण. डोंगरातला दगड त्याच्यापुढे हळूहळू मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाणी थांबल्या.

आता आइड्सबोर्गमध्ये वेस्ट-टेलेमार्क संग्रहालय आहे आणि त्यात निसण्यांच्या धंद्याला जागा दिली आहे. जुन्या खाणींच्या उतारावर फोडताना वाकड्या निघालेल्या, टाकून दिलेल्या कांड्यांचे ढीग आहेत. भूशास्त्रज्ञांना तुलनेसाठी लागणारे नमुने अशाच खाणींतून मिळतात. इंग्लंडच्या एखाद्या शेतात सापडलेला तुकडा कुठला हे ठरवायचे असेल तर तो शेवटी या डोंगरातल्या खडकाशीच ताडून पाहावा लागतो.